फवारणीच्या डब्यापासून जागतिक ठरावापर्यंत: गावात राहून इंग्रजी व्याकरण कसं शिकावं

आमच्या गावच्या अभ्यासिकेत संध्याकाळी दहा-बारा पोरंपोरी येतात. कोणी भरतीची तयारी करतंय, एकीचं नर्सिंग चालू आहे, दोघी बचत गटांच्या सीआरपी, म्हणजे समुदाय संसाधन व्यक्ती, आहेत. शाळेत सगळ्यांचं इंग्रजी व्याकरण झालेलं आहे, बारा काळ तोंडपाठ आहेत. पण एखाद्या प्रकल्पाचं इंग्रजी पत्रक हातात दिलं की पहिल्याच ओळीला गाडी अडते. "ताई, शब्द त समजते, पण वाक्याचा अर्थच लागत नाई," असं एक जण म्हणाली. दुखणं तिनं नेमकं पकडलं होतं. शब्द कळूनही वाक्य लागत नाही, तेव्हा व्याकरण फक्त पाठ झालेलं असतं, हाताशी आलेलं नसतं.

ते हाताशी यावं म्हणून मी एक मार्ग धरला आहे, आणि गेली काही वर्षं तो उपयोगी पडतो आहे. आपल्या गावापर्यंत ज्यांचं काम पोचलेलं आहे, त्या आंतरराष्ट्रीय संस्थांचं इंग्रजी वाचायचं. पोलिओचे डोस, ओआरएस, फवारणीचं औषध, ज्वारी, बचत गट. विषय आधीच ठाऊक असतो, म्हणून डोकं मोकळं राहतं आणि क्रियापद कुठं बसलंय, ते असंच का बसलंय, याकडे लक्ष जातं. शिवाय हे इंग्रजी संयुक्त राष्ट्रांच्या 193 सदस्य देशांतल्या लोकांसाठी लिहिलेलं असतं, आणि त्यांतल्या बहुतेकांची ती मायबोली नसते. त्यामुळे बोलीतले वळसे कमी आणि तीच ती वाक्यरचना पुन्हा पुन्हा येते. नवशिक्याला हेच हवं असतं.

या लेखात इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. तुमच्या वहीत ती इंग्रजी अक्षरांतच लिहा.

आधी एकच संस्था निवडा

दोनशे पानी वही, दोन रंगांचे पेन आणि मोबाइल, एवढं पुरे. घरात कोणी आशा किंवा अंगणवाडी सेविका असेल तर जागतिक आरोग्य संघटना किंवा युनिसेफ घ्या. घर कास्तकाराचं असेल तर अन्न व कृषी संघटना, म्हणजे एफएओ. मजुरीचा, कारखान्याचा विषय जवळचा असेल तर आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, म्हणजे आयएलओ. बचत गटातल्या बायकांना मी आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधी, म्हणजे आयफॅड सुचवते, कारण माविमचा (महिला आर्थिक विकास महामंडळाचा) 'तेजस्विनी' कार्यक्रम त्याच संस्थेच्या मदतीनं चालला होता आणि ते नाव त्यांनी ऐकलेलं असतं. महिनाभर संस्था बदलायची नाही. प्रत्येक संस्थेचा शब्दसाठा ठरलेला असतो. पहिला आठवडा जड जातो, तिसऱ्या आठवड्यात तेच शब्द ओळखीचे होऊन भेटतात.

पहिला धडा डब्यावरचा

इंग्रजीतलं सगळ्यात सोपं वाक्य आज्ञेचं. कर्ता नाही, काळ नाही, क्रियापद थेट पुढं. ओआरएसच्या पाकिटावर "डिझॉल्व्ह" म्हणजे विरघळवा, "स्टर" म्हणजे ढवळा, "डिस्कार्ड" म्हणजे टाकून द्या, अशी क्रियापदं ओळीच्या सुरुवातीलाच सापडतात. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून आपली नजर सवयीनं ओळीच्या शेवटाकडे धावते. तिला सुरुवातीला थांबायची सवय लावणं हे पहिल्या आठवड्याचं काम. घरातलं औषध, खत, बियाणं, ज्या ज्या पाकिटावर सूचना आहे तिचं पहिलं क्रियापद लाल पेनानं वहीत उतरवा.

कीटकनाशकाच्या डब्यापाशी मात्र जास्त वेळ बसा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन कास्तकार आणि मजूर दगावले, हे आपल्या भागात कोणी विसरलेलं नाही. डब्यावर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग आणि वरच्या अर्ध्यात शब्द. लाल आणि पिवळ्यावर "पॉयझन", निळ्यावर "डेंजर", हिरव्यावर "कॉशन". जागतिक आरोग्य संघटनासुद्धा कीटकनाशकांची धोक्यानुसार वर्गवारी करते आणि त्या वर्गांच्या नावांतच क्रियाविशेषणाचा धडा आहे: "एक्स्ट्रीमली हॅझर्डस", "हायली हॅझर्डस", "मॉडरेटली हॅझर्डस", "स्लाइटली हॅझर्डस". विशेषण एकच, घातक. त्याच्या आधीचा "ली"नं संपणारा शब्द सांगतो की किती घातक. अत्यंत, फार, मध्यम, थोडं. ही चार नावं पाठ झाली की क्रियाविशेषण विशेषणाच्या आधी येतं, हा नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.

लाल रंगाच्या डब्यावर आणखी एक वाक्य असतं: "इफ स्वॉलोड, ऑर इफ सिम्प्टम्स ऑफ पॉयझनिंग ऑकर, कॉल फिजिशियन इमिजिएटली." गिळलं गेल्यास, किंवा विषबाधेची लक्षणं दिसल्यास, ताबडतोब डॉक्टरांना बोलवा. यातला पहिला "इफ" अर्धा आहे. "इट इज" हे शब्द गाळलेले आहेत, पूर्ण वाक्य "इफ इट इज स्वॉलोड" असं होतं. दुसऱ्या "इफ"पुढं "ऑकर"ला "एस" लागलेला नाही, कारण "सिम्प्टम्स" अनेकवचनी आहे. आणि "फिजिशियन"च्या आधी "अ" नाही, ती लेबलवरची काटकसर आहे. तुम्ही पत्र लिहाल तेव्हा "कॉल अ फिजिशियन" असंच लिहा. एका ओळीत जर-तरचं वाक्य, कर्त्या-क्रियापदाचा मेळ आणि उपपद, तिन्ही आले. डबा रिकामा करून घरात आणू नका, दुकानातच मोबाइलवर फोटो काढा आणि फोटोवरून अभ्यास करा.

नावं: "अ", "अ‍ॅन" आणि "द"

मराठीत उपपदं नाहीत, म्हणून आपल्याला ती फालतू वाटतात आणि आपण गाळतो. संस्थांच्या नावांवर ती लवकर पक्की होतात. "अ यूएन एजन्सी", पण "अ‍ॅन एफएओ प्रोजेक्ट". एफ हे अक्षर व्यंजन असूनही "अ‍ॅन" का? कारण उच्चार "एफ" असा स्वरानं सुरू होतो. यू हे अक्षर स्वर असूनही "अ" का? कारण उच्चार "यू" मध्ये आधी य येतो. लिहिलेलं अक्षर पाहायचं नाही, कानाला काय ऐकू येतं ते धरायचं. "अ‍ॅन आयएलओ रिपोर्ट", "अ युनिसेफ वर्कर", असे वीस जोड मोठ्यानं म्हणा.

"द"चं थोडं वेगळं आहे. अक्षरं सुटी वाचली जातात तिथं साधारणपणे "द" येतं: "द यूएन", "द आयएलओ". सगळा मिळून एक शब्द होतो तिथं नाही: "युनिसेफ", "युनेस्को". (जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओ स्वतःच्या कागदपत्रांत बऱ्याचदा "द" न लावता नाव लिहितात, तेव्हा गोंधळू नका.)

"द"मुळे एवढं काय बिघडतं, असं मला दर वर्षी कोणी ना कोणी विचारतं. तेव्हा मी सुरक्षा परिषदेचा 22 नोव्हेंबर 1967 चा ठराव क्रमांक 242 सांगते. त्या वर्षीच्या युद्धानंतर इस्रायली फौजांनी माघार घ्यावी असं त्यात आहे, आणि इंग्रजी शब्द आहेत "फ्रॉम टेरिटरीज ऑक्युपाइड इन द रीसेंट कॉन्फ्लिक्ट". "टेरिटरीज"च्या आधी "द" नाही. त्यामुळे एक बाजू म्हणते, व्यापलेल्या सगळ्याच प्रदेशांतून असं म्हटलेलं नाही. दुसरी बाजू फ्रेंच प्रतीकडे बोट दाखवते, कारण तिथं "त्या प्रदेशांतून" असा अर्थ लागतो. एका उपपदावरचा हा वाद अजून मिटलेला नाही. हे ऐकल्यावर मुलं "द" गाळताना थबकतात, एवढं मी पाहिलं आहे.

नावांबद्दल अजून एक. आपल्याकडे सगळे "पोकरा" म्हणतात, पण पूर्ण नाव फार थोड्यांना माहीत असतं: "प्रोजेक्ट ऑन क्लायमेट रेझिलिएंट अ‍ॅग्रिकल्चर", जागतिक बँकेच्या कर्जातून चाललेला प्रकल्प. मराठीत "प्रकल्प" शेवटी येईल, हवामानाला तोंड देणाऱ्या शेतीचा प्रकल्प. इंग्रजीत तो सगळ्यांत आधी. म्हणून "ऑफ" किंवा "ऑन" दिसला की शेवटाकडून उलटं वाचत या. लांबलचक नावं अशी सहज सुटतात. स्पेलिंगचं म्हणाल तर आयएलओचं नाव नीट पाहा: "लेबर"मध्ये ब्रिटिश पद्धतीचा यू आहे आणि "ऑर्गनायझेशन"मध्ये झेड. संयुक्त राष्ट्रांत हीच पद्धत चालते, तुम्हीही तीच धरा.

"पासून" या शब्दापाशी सगळे अडतात

"भारत 1945 पासून संयुक्त राष्ट्रांचा सदस्य आहे." याचं इंग्रजी करायला सांगितलं की दहापैकी आठ वह्यांत "इंडिया इज मेंबर ऑफ यूएन सिन्स 1945" असं येतं. मराठीत "आहे" बरोबर आहे, म्हणूनच ही चूक इतकी चिवट आहे. तेव्हा सुरू झालेली गोष्ट आजही चालू असेल तर इंग्रजीला "हॅज बीन" लागतं: "इंडिया हॅज बीन अ मेंबर ऑफ द यूएन सिन्स 1945." मराठी वाक्यात "पासून" दिसला की लाल पेनानं त्याला गोल करा आणि "हॅज" किंवा "हॅव" आठवा.

आणि गोष्ट एका तारखेला घडून संपली असेल तर साधा भूतकाळ. पोलिओवर हा फरक फार सुरेख दिसतो. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये पश्चिम बंगालमधल्या हावडा इथं सापडला आणि 27 मार्च 2014 रोजी आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. "इंडिया वॉज सर्टिफाइड पोलिओ-फ्री इन 2014." इथं तारीख आहे, म्हणून "वॉज". "इंडिया हॅज बीन पोलिओ-फ्री सिन्स 2014." इथं ती स्थिती आजही आहे, म्हणून "हॅज बीन". बूथवर बाळाला घेऊन गेलेल्या कोणत्याही बाईला हा फरक लगेच कळतो, कारण तिच्यासाठी ते दोन निरनिराळे अनुभव आहेत.

तारखांसोबत "ऑन", "इन" पण शिकून घ्या. नेमका दिवस असेल तर "ऑन", नुसतं वर्ष किंवा गाव असेल तर "इन". आपण पऱ्हाटीवाले, तेव्हा उदाहरण कापसाचं: जागतिक कापूस दिन "ऑन 7 ऑक्टोबर" असतो, तो पहिल्यांदा "इन 2019" साजरा झाला, "इन जिनिव्हा".

कर्मणी प्रयोग आपल्याला येतो, फक्त माहीत नसतं

यावर मी सगळ्यांत जास्त दिवस घालवते, आणि त्याला कारण आहे. एका प्रकल्पाच्या नोकरीसाठी मला अर्धं पान इंग्रजी लिहायला सांगितलं होतं. मी लिहिलं, "वुई वेअर गिव्हन सीड्स टू 40 फार्मर्स." मला म्हणायचं होतं, आम्ही 40 शेतकऱ्यांना बियाणं दिलं. समोरच्या बाईंनी विचारलं, "बियाणं तुम्ही दिलं की तुम्हाला मिळालं?" मला प्रश्नच कळला नाही. "वेअर गिव्हन" म्हणजे "दिलं गेलं", त्यामुळे माझ्या वाक्यात बियाणं आमच्याकडे आलं होतं आणि मागचे 40 शेतकरी वाक्यात लोंबकळत राहिले होते. ती नोकरी मिळाली नाही. अहवालात अशी चूक झाली तर हिशेबच उलटा होतो, म्हणून मी तेव्हापासून याच्या मागं लागले.

मार्ग सापडला तो ग्रामपंचायतीच्या फलकावर. "सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की..." "ग्रामसभा आयोजित करण्यात आली आहे." "पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल." हा सगळा कर्मणी प्रयोग आहे. कोणी कळवलं, कोण बंद ठेवणार, हे सांगितलेलंच नाही. "करण्यात येते" म्हणजे "इज" किंवा "आर", "करण्यात आले" म्हणजे "वॉज" किंवा "वेअर", "करण्यात आली आहे" म्हणजे "हॅज बीन", "करण्यात येईल" म्हणजे "विल बी", आणि पुढं क्रियापदाचं तिसरं रूप. फलकाचा फोटो काढून आणा आणि एकेक ओळ बदलत बसा. दोन दिवसांत हात बसतो.

मग खरा मजकूर घ्या. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं खेड्यातल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी कशी घ्यायची, हे त्यांना शिकवलं. त्यातून किती बाळं वाचली याचा अभ्यास 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढं 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी संयुक्त निवेदन काढून बाळाच्या पहिल्या आठवड्यात घरभेटी द्याव्यात अशी शिफारस केली. आता हीच हकीकत इंग्रजीत लिहायची. "व्हिलेज वुमेन वेअर ट्रेन्ड." "न्यूबॉर्न्स वेअर व्हिजिटेड अ‍ॅट होम." "होम व्हिजिट्स आर रेकमेंडेड." प्रत्येक वाक्यापुढं स्वतःला विचारा: कोणी? उत्तर महत्त्वाचं असेल तर शेवटी "बाय" लावून सांगा, किंवा सरळ कर्तरी वाक्य करा. "द स्टडी वॉज पब्लिश्ड इन 1999" मध्ये कोणी छापलं यानं फरक पडत नाही. पण "वुमेन फ्रॉम गडचिरोली सेव्ह्ड न्यूबॉर्न्स" हे वाक्य कर्मणी करू नका. तिथं त्या बायकांचं नाव पुढंच राहायला हवं.

एक दिलासाही आहे. मराठीत "मोहीम राबवली", "कार्यक्रम राबवला", "शिबिरं घेतली", असं क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. इंग्रजी भूतकाळात लिंगाची भानगडच नाही.

"शॅल" आणि "शुड"

10 डिसेंबर 1948 ला संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याची कलमं लहान लहान आहेत आणि त्याचं मराठी भाषांतरही उपलब्ध आहे, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतात. पहिल्या कलमाचं पहिलं वाक्य: "ऑल ह्युमन बीइंग्ज आर बॉर्न फ्री अँड ईक्वल इन डिग्निटी अँड राइट्स." "ऑल ह्युमन बीइंग्ज"च्या जागी आधी "ऑल मेन" हे शब्द घेतले जात होते. ते बदलायला लावले भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी. "मेन"मध्ये बायका धरल्या जातातच, असं म्हणून चालणार नाही, हा त्यांचा आग्रह होता. वर्गातल्या मुलींना हे मी आवर्जून सांगते.

याच पहिल्या कलमात पुढं, माणसांनी एकमेकांशी बंधुभावानं वागावं असं म्हटलंय, तिथं "शुड" आहे. चौथ्या कलमात मात्र "नो वन शॅल बी हेल्ड इन स्लेव्हरी", कोणालाही गुलामगिरीत ठेवलं जाणार नाही, तिथं "शॅल". "शुड" म्हणजे करावं, "शॅल" म्हणजे करायचंच, त्यात सवलत नाही. तुम्ही एखाद्या कंपनीचा किंवा संस्थेचा करार वाचाल तेव्हा आधी "शॅल" शोधा. तुमच्यावर काय बंधनकारक आहे ते तिथं असतं. तिसऱ्या कलमातलं "एव्हरीवन हॅज द राइट" पण वहीत घ्या. "प्रत्येकाला" हा अर्थ अनेकांचा, पण इंग्रजीला "एव्हरीवन" एकवचनी, म्हणून "हॅज".

शेवटी एक अख्खा ठराव

तिसऱ्या महिन्यात ठराव वाचायला घ्या. ज्वारी आपल्या ताटातली, म्हणून भरडधान्यांचा घ्या. भारतानं पुढाकार घेतला आणि मार्च 2021 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केलं. ठरावाचा कागद पाहून पोरं घाबरतात, कारण पूर्ण ठराव हे एकच वाक्य असतं. कर्ता सगळ्यांत वर: "द जनरल असेंब्ली", पुढं स्वल्पविराम. मग "रीअफर्मिंग", "रिकॉलिंग" अशा "इंग"नं संपणाऱ्या शब्दांनी सुरू होणारे परिच्छेद. आणि बऱ्याच खाली, आकडा 1 घालून, मुख्य क्रियापद: "डिसाइड्स टू डिक्लेअर 2023 द इंटरनॅशनल इयर ऑफ मिलेट्स". "डिसाइड्स"ला "एस" आहे, कारण त्याचा कर्ता वर राहिलेली ती एकवचनी असेंब्ली.

आपल्या ग्रामसभेचा ठराव आठवा. "मागील सभेचे इतिवृत्त लक्षात घेऊन, पाणीटंचाईची नोंद घेऊन, ही ग्रामसभा असे ठरवते की..." ते "घेऊन" म्हणजेच "इंग", आणि "ठरवते" म्हणजे "डिसाइड्स". हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "म्हंजे हे त आपल्या ग्रामसभेसारखंच हाय न ताई." मग त्यानंच गावच्या नळयोजनेवर इंग्रजी ठराव लिहून आणला. तीन "इंग" आणि दोन "डिसाइड्स". उपपदं दोन ठिकाणी गळाली होती, पण वाक्य उभं होतं.

मात्र ठरावाची भाषा बोलण्यात आणू नका. "कपॅसिटी बिल्डिंग", "स्टेकहोल्डर" हे शब्द ओळखता आले की पुरे. मुलाखतीत आपलं काम साध्या वाक्यात सांगा.

रोजचं काम वीस मिनिटांचं. पाच ओळी मोठ्यानं वाचायच्या, त्यांतलं एक वाक्य वहीत उतरवायचं, मुख्य क्रियापदाला लाल रेघ, आणि खाली त्याच साच्यात आपल्या गावाचं एक वाक्य. "एफएओ वॉज फाउंडेड इन 1945" खाली तुमच्या शाळेचं, बचत गटाचं, गावच्या विहिरीचं वर्ष येऊ द्या. मोबाइलचं भाषांतर वाक्य लिहून झाल्यावरच उघडा, आधी उघडलं तर डोळा मराठीवरच राहतो. रविवारी आठवड्याची सात वाक्यं दुसऱ्या कोणाला तरी वाचून दाखवा. ऐकणाऱ्याला इंग्रजी येत नसेल तरी चालेल. आमच्याकडे एकीची आजी ऐकते आणि प्रत्येक वाक्यानंतर विचारते, "याचा अर्थ काय व्हते, सांग बरं." अर्थ सांगताना जिथं अडखळायला होतं, सोमवारी तेच वाक्य पुन्हा घ्यायचं.